दानवीर शेठ प्रेमचंद रायचंद

सुरतेच्या जैन कुळात १८३१ साली जन्मलेले शेठ प्रेमचंद रायचंद मुंबईच्या कापूस व शेअर बाजाराचे अनभिषिक्त सम्राट होते. दान कोठे द्यावे, हा प्रश्न त्यांनी व्यापाऱ्याच्या दूरदृष्टीने सोडविला. १८६४ साली त्यांनी मुंबई विद्यापीठास ग्रंथालयासाठी २ लक्ष आणि मातोश्री राजाबाई यांच्या नावे घड्याळाच्या मनोऱ्यासाठी २ लक्ष रुपये अर्पण केले. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील यादवी युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि शेठजींचे वैभव लयास गेले. पेढीतील धन बुडाले, विद्यादान मात्र तरले. १८७८ साली पूर्ण झालेला राजाबाई मनोरा आजही उभा आहे. १९०६ साली शेठजी निवर्तले. देणगी देताना तिचे फळ किती जणांना व किती पिढ्या मिळेल, एवढे आपण अवश्य पाहावे.