परिटाच्या अंगावर चिंध्या

एका कानात कवडी. दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीचा तुकडा. डोक्यावर टोपीच्या जागी मातीच्या भांड्याचं खापर. अंगावर रंगीबेरंगी चिंध्या जोडून शिवलेला झगा. एका हातात खराटा, दुसऱ्या हातात गाडगं. आजच्या भाषेत सांगायचं तर लूक जबरदस्त आहे. कॉलेज फेस्टच्या रॅम्पवर असा कुणी आला तर शिट्ट्या पडतील, रील्स निघतील. शंभर वर्षांपूर्वी विदर्भातल्या गावात असा माणूस शिरला, की लोकांना आधी एकच प्रश्न पडायचा. हा वेडा आहे की भिकारी?

हे गाडगेबाबा. ते आपल्याला माहीत आहेत असं आपण धरून चालतो. शाळेच्या भिंतीवरचं चित्र, हातात खराटा, खाली स्वच्छतेचं घोषवाक्य. ग्रामस्वच्छता अभियान त्यांच्या नावाचं, अमरावतीचं विद्यापीठ त्यांच्या नावाचं. पण त्या चित्रातला खराटा तेवढा आपल्याला दिसतो, कपडे दिसत नाहीत. महाराष्ट्राला स्वच्छता शिकवणारा माणूस स्वतः चिंध्या घालून फिरला आणि त्याला घर नव्हतं, हे जरा विचित्र नाही का? आणि गंमत बघा, जातीनं तो परीट. म्हणजे गावाचे कपडे धुऊन, घडी घालून देणाऱ्या समाजातला. आपण कडक इस्त्रीच्या कपड्यांना ज्यांच्यावरून परीटघडीचे म्हणतो, त्यांच्यातला.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर हे त्यांचं खरं नाव. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. वडील दारूपायी लवकर गेले. आई सखुबाई पोराला घेऊन माहेरी, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला आली आणि डेबूजी मामाच्या घरी वाढले. शाळा नाहीच. गुरं राखायची, गोठा झाडायचा, जनावरं नदीवर नेऊन घासूनपुसून धुवायची, नांगर धरायचा. कामाला वाघ होता हा मुलगा. १८९२ मध्ये कुंताबाईंशी लग्न झालं. पुढे मामाची जमीन सावकाराच्या कर्जात अडकली, त्या धक्क्यात मामा गेले, आणि सही-अंगठ्याच्या कागदानं माणूस कसा मरतो हे डेबूजींनी घरात बघितलं. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू आणि मटण द्यायचं सोडून त्यांनी गोडाचं जेवण घातलं. जातभाई चिडले. ही त्यांची पहिली बंडखोरी म्हणता येईल.

१ फेब्रुवारी १९०५ च्या पहाटे ते घरातून निघून गेले. २९ पूर्ण व्हायला तीन आठवडे होते. मागे आई, बायको, मुलं. हे मला खटकतं आणि ते लपवण्यात अर्थ नाही. घर सोडणाऱ्या पुरुषांच्या गोष्टी आपण फार कौतुकानं सांगतो. घर चालवणाऱ्या कुंताबाईंची गोष्ट कुणी सांगत नाही.

पुढची बारा वर्षं नुसती भटकंती. पायी. हे गाव, ते गाव, नदीकाठ, जत्रा. या काळात तो पोशाख तयार झाला. लोक त्यांना गोधडेबुवा म्हणायचे, चिंधेबुवा म्हणायचे, लोटके महाराज म्हणायचे. स्वतःचं नाव ते सांगत नसत, त्यामुळे कपड्यांवरून आणि भांड्यांवरून जे सुचेल ते नाव पडायचं. शेवटी टिकलं ते गाडग्याचं. ते गाडगं काय नव्हतं? पाणी पिण्याचं पात्र, जेवणाचं ताट, उन्हात डोक्यावर उपडं घातलं की टोपी. रस्त्यावर राहणाऱ्याच्या सामानाला दोन अटी असतात: वाहायला हलकं हवं आणि चोरावंसं वाटू नये. मातीचं भांडं दोन्हींत पास. चिंध्यांच्या झग्याचंही तेच. एक तुकडा विरला की त्यावर दुसरा लावायचा, अख्खा कपडा टाकायची वेळच येत नाही.

इथे पंक आठवल्याशिवाय राहत नाही. लंडनमध्ये पंकची लाट उठली १९७६ च्या सुमारास, म्हणजे बाबांच्या जन्मानंतर बरोबर शंभर वर्षांनी. फाटके टी-शर्ट, सेफ्टी पिनांनी जोडलेलं कापड, कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा स्वतःच्या गळ्यात. बेकार पोरांनी कचरा अंगावर चढवला आणि सभ्य लोकांच्या तोंडावर फेकला. त्यातला संदेश स्पष्ट होता. तुम्ही आम्हाला कचरा समजता ना, मग हा घ्या. बाबांच्या कानातला बांगडीचा तुकडा हा त्याच जातीचा दागिना आहे. फुटलेली बांगडी आपल्याकडे अशुभ. ती उचलून कानात घालायची म्हणजे लोकांच्या मनातल्या सगळ्या कल्पनांना एकदम टाचणी लावायची. हा गबाळेपणा नव्हता, तो पूर्ण विचारानं निवडलेला वेश होता असं माझं मत आहे. फरक एवढाच, की पंकचा लूक काही महिन्यांत किंग्ज रोडच्या दुकानात विकायला लागला आणि आज फाटलेली जीन्स न फाटलेल्या जीन्सपेक्षा महाग मिळते. बाबांचा झगा कुणी विकायला काढला नाही. तो विकला जाण्यासारखा नव्हताच.

आणि दुसरा फरक खराट्याचा. बाबांचा शिरस्ता ठरलेला होता. गावात शिरायचं ते झाडत. रस्ता, गटार, देवळाचं आवार, कुणी सांगो न सांगो. कुणी भाकरी दिली तर आधी काहीतरी काम करायचं, मग ती खायची. फुकटचं नको. संध्याकाळी गावातली घाण गेलेली असायची आणि मग तोच चिंध्यावाला कीर्तनाला उभा राहायचा. सकाळी ज्याला वेडा म्हणून हसलो तोच रात्री आपल्याशी बोलतोय, हे कळल्यावर गावाचं तोंड कसं होत असेल! पाया पडायला कुणी पुढे आलं की ते मागे सरायचे, वेळप्रसंगी काठी उगारायचे. मी कुणाचा गुरू नाही आणि कुणी माझा शिष्य नाही, हे त्यांचं धोरण शेवटपर्यंत राहिलं.

आपण स्वच्छ आणि नीटनेटका हे दोन शब्द एकाच अर्थानं वापरतो. घोळ तिथेच आहे. नीटनेटकेपणाला पैसे लागतात: कपड्यांचे दोन-तीन जोड, इस्त्री, आरसा, कपाट. स्वच्छतेला पाणी लागतं आणि आडोसा लागतो. ज्याच्याकडे अंगावरचा एकच जोड आहे, तो धुवायला काढला तर वाळेपर्यंत त्यानं काय घालायचं? ज्याला घर नाही त्यानं आंघोळ कुठे करायची? बाईमाणसानं कुठे करायची? लोकलमध्ये मळक्या कपड्यांतला माणूस चढला की आपण नाक मुरडून सरकतो, आणि मनात लगेच निकाल देतो की हे लोक असेच, घाणेरडे. त्याच्याकडे नळ आहे का, हे विचारायचं सुचत नाही. गाडगेबाबांना ते सुचलं. कारण ते स्वतः त्या जागेवर उभे होते.

घर सोडल्यावर काही वर्षांनी ते पूर्णा नदीकाठच्या ऋणमोचनला जत्रेत होते. पौषातल्या रविवारी तिथे गर्दी लोटते. नदीत उतरायला धड वाट नाही, चिखलात म्हाताऱ्या माणसांचे पाय घसरतात. बाबा तिथे चिखल उपसत, लोकांना वाट करून देत उभे असायचे. अशाच एका जत्रेत घरच्यांना ते दिसले. आईला तिचा पोरगा त्या अवतारात सापडला. त्या माउलीच्या डोळ्यांनी तो झगा बघितला तेव्हा तिला काय वाटलं असेल, ते आपण कल्पनेतच ठेवावं. बाबा घरी परत गेले नाहीत. पण त्याच ऋणमोचनला त्यांनी लोकवर्गणीतून घाट बांधून घेतला. त्यांचं पहिलं मोठं बांधकाम देऊळ नव्हतं. लोकांना धड आंघोळ करता यावी म्हणून बांधलेल्या पायऱ्या होत्या.

पंढरपूरला ते वर्षानुवर्षं गेले, पण विठ्ठलाच्या गाभाऱ्याकडे त्यांचे पाय वळत नसत. ते चंद्रभागेच्या वाळवंटात असायचे. लाखांनी माणसं येणार, संडासाची सोय नाही, आषाढाचा पाऊस, आणि त्या काळात वारीबरोबर पटकीची साथ पसरणं हे काही नवीन नव्हतं. वाळवंटातली ती घाण बाबा खराट्यानं आणि हातानं उचलायचे. आज खराटा म्हणजे फोटोपुरता प्रतीक झाला आहे, पुढारी नव्या झाडूनं आधीच झाडलेला रस्ता झाडतात. तेव्हा त्या खराट्याचा थेट संबंध माणसं जगण्या-मरण्याशी होता.

मग धर्मशाळा आल्या. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू, मुंबई. यात्रेला आलेल्या गरिबाला, त्यातही ज्याच्या जातीमुळे त्याला कुठे ओसरीही मिळत नाही त्याला, पाठ टेकायला जागा आणि पाणी मिळावं म्हणून. जत्रांमधून ते आंधळे, पांगळे, महारोगी गोळा करायचे. त्यांचे केस कापायचे, त्यांना आंघोळ घालायची, नवे कपडे द्यायचे, मग पंगत. हा क्रम लक्षात घ्या. नुसतं अन्न वाटणारे पुष्कळ असतात. महारोग्याच्या अंगावरून पाणी ओतायला तेव्हा घरचे लोकही तयार नसत. परिटाचा व्यवसाय बाबांनी कधी केला असेल-नसेल, पण समाजानं मळका म्हणून बाजूला टाकलेला माणूस धुऊन परत माणसांत आणून बसवायचा, हे काम त्यांनी आयुष्यभर केलं.

आणि त्यांनी दुसऱ्या कुणाला चिंध्या घालायला सांगितलं नाही. त्यांच्या नावानं प्रसिद्ध असलेली दहा कलमं आहेत, त्यात अन्न आणि पाण्यानंतर तिसरा नंबर कपड्यांचा आहे आणि पाचवा बेघरांच्या निवाऱ्याचा. लोकांनी दिलेली नवी वस्त्रं ते वाटून टाकायचे. स्वतःला चिंध्या, इतरांना नवे कपडे.

हे नीट समजायचं तर त्यांच्याशेजारी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना उभं करावं लागतं. एकाच्या अंगावर थ्री-पीस सूट, दुसऱ्याच्या अंगावर गोधडीचा झगा. दोघांना एकमेकांबद्दल खूप आदर. १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी दलित स्त्रियांना सांगितलं होतं, की कपड्यांवरून आणि दागिन्यांवरून जात ओळखू येईल असं राहू नका, स्वच्छ आणि नीट राहा. ज्यांच्यावर फाटकं नेसण्याची सक्ती पिढ्यान् पिढ्या झाली, त्यांच्यासाठी सूट हेच बंड असतं. चिंध्या निवडता येणं हीसुद्धा एक सवलत आहे, ती सगळ्यांना मिळत नाही. गाडगेबाबांना हे कळत होतं असं मला वाटतं, कारण पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली, मुलांच्या वसतिगृहासाठी. झगा पुढच्या पिढीला द्यायचा नाही, शाळा द्यायची.

कीर्तनातही तेच. वऱ्हाडी बोलीत, समोरच्याला प्रश्न विचारत, हसवत, चिमटे काढत ते बोलायचे. ताट नसेल तर भाकरी हातावर घेऊन खा, बायकोला लुगडं स्वस्तातलं आणा, घर मोडकं असलं तरी चालवून घ्या, पण पोराला शाळेत घाला, असा त्यांचा हिशेब असायचा. (बायकोचंच लुगडं का, नवऱ्याचं धोतर का नाही, हा प्रश्न आज एखादी मुलगी उभी राहून विचारेल आणि तिनं विचारावाच. प्रश्नोत्तरांचं कीर्तन होतं, बाबांनाही मजा आली असती.) स्वतः निरक्षर असलेल्या या माणसाच्या नावानं १९५४ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेनं कऱ्हाडला कॉलेज काढलं. तिथल्या मुलांना रोज गेटवर ते नाव दिसतं.

ज्यांना जास्त वाचायचं आहे त्यांनी प्रबोधनकार ठाकरे यांनी लिहिलेलं चरित्र शोधावं, ते बाबा हयात असताना निघालं. गो. नी. दांडेकर तर तरुणपणी बाबांच्या सोबत राहिले होते, त्यांनीही लिहिलं आहे. आणि १९७७ चा 'देवकीनंदन गोपाला' बघा. तिकडे लंडनमध्ये पोरं सेफ्टी पिना लावून फिरत होती त्याच वर्षी इकडे डॉ. श्रीराम लागू चिंध्या अंगावर चढवून कॅमेऱ्यासमोर उभे होते.

बाबांचं शेवटचं कीर्तन नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईत, वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात झालं. पुढच्याच महिन्यात, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. गाडगेबाबांची तब्येत आधीच ढासळलेली होती. त्यांना गाडीतून अमरावतीकडे नेत होते. एवढ्या धर्मशाळा बांधल्या, पण शेवटच्या घटकेला त्यांपैकी एकीचंही छप्पर डोक्यावर नव्हतं. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावला, पेढी नदीच्या पुलाजवळ, रस्त्यातच त्यांचा जीव गेला. अंत्यसंस्कार अमरावतीत झाले. त्या भागाला आता गाडगेनगर म्हणतात.