पोथीला प्रश्न विचारणारे जोतीराव

महात्मा जोतीराव फुले यांचे नाव ठाऊक नाही असे घर आपल्या चौसाळ्यात सापडायचे नाही. त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली हे आपल्या लहान लेकीही सांगतील. परंतु काही माणसांनी पिढ्यान्पिढ्या दुसऱ्यांची सेवाच करावी, असे ज्या ग्रंथांनी ठरवून दिले, ते ग्रंथ जोतीरावांनी कसे वाचले, याबद्दल आपल्या बायकांत बोलणे फारसे होत नाही. म्हणून स्मरणिकेसाठी मी त्यांच्या चरित्रातला तेवढाच भाग घेतला आहे.

जोतीरावांचा जन्म 1827 साली झाला. मूळ आडनाव गोऱ्हे, गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण. फुलांच्या धंद्यामुळे घराण्याला फुले म्हणू लागले. आई चिमणाबाई लहानपणीच वारल्या, तेव्हा सगुणाबाईंनी त्यांना आईच्या मायेने वाढविले. शिकून मुलगा बिघडेल असे लोकांनी वडिलांच्या मनात भरविल्यामुळे मध्यंतरी शाळा सुटली व पोर मळ्यात कामाला लागले. शेजारचे गफार बेग मुन्शी व लिजिटसाहेब यांनी गोविंदरावांची समजूत घातली नसती, तर पुढचे काहीच झाले नसते. 1841 साली ते पुन्हा शाळेत, स्कॉटिश मिशनच्या शाळेत, जाऊ लागले. 1847 च्या सुमारास मित्रांबरोबर त्यांनी थॉमस पेन याचे मानवी हक्कांवरचे इंग्रजी पुस्तक वाचले.

पुढच्याच वर्षी एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत ते चालत असता, शूद्र असून आमच्या बरोबरीने चालतोस काय, म्हणून त्यांचा अपमान झाला. घरी आल्यावर वडिलांनी जुनी रीत सांगून समजूत घातली. जोतीरावांचे समाधान झाले नाही. त्याच 1848 साली भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाई शिकवू लागल्या आणि 1849 मध्ये या पतिपत्नींना घर सोडावे लागले. या कामात सदाशिवराव गोवंडे यांच्यासारखे त्यांचे ब्राह्मण मित्रही बरोबर होते, हेही येथे सांगितले पाहिजे.

कंपनी सरकारने 1843 च्या कायद्याने गुलामीला कोर्टात थारा ठेवला नव्हता. मग गुलामी उरली कोठे? ती पोथीत व पोथी ऐकणाऱ्याच्या मनात उरली, असे जोतीरावांचे म्हणणे. तिकडे अमेरिकेतही असेच होते. 1860 साली तेथे सुमारे 40 लाख माणसे गुलाम होती आणि नोहाने आपल्या नातवाला दिलेला बायबलातील शाप दाखवून मालकांचे धर्मोपदेशक ती गुलामी देवाची इच्छा ठरवीत. चार वर्षांचे यादवी युद्ध होऊन 1865 साली ती बंद झाली. जोतीरावांनी 1873 साली आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक छापले, ते गुलामांना मुक्त करणाऱ्या त्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले. त्याच वर्षी सप्टेंबरात सत्यशोधक समाज निघाला.

पुस्तक धोंडीबा व जोतीराव यांच्या संवादाचे आहे. धोंडीबा साधे विचारतो, जोतीराव उलगडून सांगतात. ब्रह्मदेवाच्या मुखातून एक वर्ण, बाहूंतून दुसरा, पायांतून शूद्र जन्मला, असे ग्रंथ सांगतो ना? मग त्या मुखाला बाळंतपण कसे झाले, आणि महिन्याचे चार दिवस ब्रह्मदेव कोठे बाहेर बसत होते? असे प्रश्न पुरुषाने छापून विचारावेत याचे मला प्रथम हसू आले. पण हे प्रश्न आपल्याच माजघरातले आहेत. वामनाच्या एका पावलाने सारी पृथ्वी व्यापली, तर पायाखालच्या गावांचे काय झाले? परशुराम चिरंजीव आहे म्हणतात, तर त्याने सहा महिन्यांत हजर व्हावे, अशी जाहीर नोटीसच त्यांनी लिहून टाकली आहे!

भाषा कडक आहे. ती वाचून काही भगिनींच्या मनाला लागेल. मत्स्य म्हणजे मचव्यातून आलेले लोक, असे त्यांचे काही तर्क आज इतिहासाचे जाणकार स्वीकारीत नाहीत. पण ही गोष्ट कोणी लिहिली आणि तिच्यामुळे कोणाचे पोट भरले, हा त्यांचा प्रश्न कोणत्याही ग्रंथाला विचारता येतो. तो त्यांनी बायकांच्या बाबतीतही विचारला. 1882 साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी स्त्रियांना नावे ठेवणाऱ्या शास्त्रांवर पुस्तक लिहिले. त्यांच्यावर टीका झाली तेव्हा 1885 मध्ये जोतीरावांनी 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली.

मला सर्वांत विशेष वाटते ते बळीराजाचे. पुराणांनी त्याला पाताळात घातला. पण इडापिडा टळून बळीचे राज्य यावे, हे मागणे बायका ओवाळताना करीतच राहिल्या. जोतीरावांनी ते मागणेही पुरावा म्हणून पुस्तकात घेतले. आपल्याकडे दिवाळीत औक्षण करताना ते अजून तोंडात येते. ग्रंथात जे राहिले नाही ते ताट धरणाऱ्या हातांनी राखले, आणि त्यातल्या बहुतेकींना अक्षरओळखही नव्हती.

1888 साली मुंबईत लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली. त्याच वर्षी अर्धांगवायूने उजवा हात गेला, तेव्हा ते डाव्या हाताने लिहू लागले. 28 नोव्हेंबर 1890 रोजी ते वारले. दत्तक मुलगा यशवंत याच्या हक्कावरून भाऊबंदांनी वाद काढला, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती धरले व त्या प्रेतयात्रेपुढे चालल्या.

'सार्वजनिक सत्यधर्म' हे त्यांचे शेवटचे पुस्तक 1891 मध्ये निघाले. त्यात त्यांनी एक कुटुंब कल्पिले आहे. घरची बाई बुद्धाचा ग्रंथ वाचून बौद्ध होते, नवरा बायबल वाचून ख्रिस्ती, मुलगी कुराण वाचून मुसलमान, आणि मुलगा सत्यधर्म स्वीकारतो. चौघे एकाच छपराखाली, एकमेकांचा द्वेष न करता नांदतात. वाचणाऱ्यांत पहिली त्यांनी घरच्या बाईला घेतली आहे.