सुगरणीच्या घरट्याखालीं : पक्षिपंडित सालिम अली

अलिबागेच्या उत्तरेस किहीम नांवाचें गांव आहे, हें तुमच्यापैकीं पुष्कळांना ठाऊक असेल. नारळी-पोफळीच्या वाड्या, त्यांच्या पाठीमागें भातखाचरें आणि समोर समुद्र, असें आपल्या अष्टागराचें जें रूप तेंच किहीमचें. सन १९३० मध्यें, जेव्हां आपला हा रायगड जिल्हा कुलाबा या नांवानें ओळखला जात होता, तेव्हां तेथें एक तरुण गृहस्थ पत्नीसह राहावयास आले. त्यांच्यापाशीं विद्यापीठाची पदवी नव्हती, आणि होती ती नोकरीही नुकतीच सुटली होती. पुढें जगांतील थोर पक्षिशास्त्रज्ञांत ज्यांची गणना झाली, ते सालिम अली हेच.

त्यांचा जन्म मुंबईस १२ नोव्हेंबर १८९६ रोजीं झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. एक वर्षाचे असतां वडील वारले आणि तिसऱ्या वर्षीं आईही गेली. अमीरुद्दीन तय्यबजी हे त्यांचे मामा. त्यांना मूलबाळ नव्हतें. त्यांनीं व मामी हमीदा बेगम यांनीं हीं सर्व पोरकीं मुलें खेतवाडींतील आपल्या घरीं वाढविलीं. सालिमचे पहिले धडे गिरगांवांत, मिशनच्या मुलींच्या शाळेंत, दोन बहिणींच्या सोबतीनें झाले.

मामांना शिकारीचा षोक होता, व भाच्याच्या हातांतही हवेची छोटी बंदूक आली होती. त्या बंदुकीनें चिमण्या टिपणें हा त्या मुलाचा आवडता उद्योग होता. ही गोष्ट झांकून ठेवण्याचें कारण नाहीं. पुढें ज्यांनीं पांखरांसाठीं जन्म वेंचला, त्यांचा आरंभ असाच झाला. सन १९०८ च्या सुमारास त्यानें पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर हळदीचें बोट लावावें तसा पिवळा ठिपका दिसला. ही नेहमींची चिमणी नव्हे, असें त्या मुलास वाटलें. मामांनाही तिची जात सांगतां येईना. तथापि, त्यांनीं त्याला उडवून लावलें नाहीं. ओळखीची चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चिटणीस मिलर्ड साहेब यांच्याकडे धाडिलें. साहेबांनीं रानचिमणी म्हणून ती ओळखली, आणि कपाटांतील खण एकामागून एक ओढून पेंढा भरून ठेवलेले शेंकडों पक्षी त्याला दाखविले. बारा वर्षांच्या पोराचा प्रश्न एका मोठ्या मनुष्यानें मनावर घेतला, एवढेंच काय तें घडलें.

अभ्यासांत मात्र सालिमची प्रगति बेताचीच होती. तेराव्या वर्षापासून डोकेदुखी जडली. हवापालटासाठीं सिंधमध्यें जावें लागलें, वर्ग बुडूं लागले, आणि १९१३ सालीं मॅट्रिकची परीक्षा ते कसेबसे उत्तीर्ण झाले. प्रगतिपुस्तक पाहून कपाळास आठ्या घालणाऱ्या पालकांनीं येथें क्षणभर थांबावें. पुढें घरच्या खाणीच्या व लांकडाच्या धंद्यासाठीं ब्रह्मदेशांत तवॉय येथें त्यांना पाठविण्यांत आलें. तेथेंही हिशेबापेक्षां रानांतील पांखरांवरच त्यांचें लक्ष अधिक. सन १९१७ मध्यें ते परत आले. सेंट झेवियर कॉलेजांतील फादर ब्लाटर या जेसुइट वनस्पतिशास्त्रज्ञांनीं त्यांचा कल ओळखून त्यांना प्राणिशास्त्राकडे वळविलें. १९१८ सालीं तहमीना यांच्याशीं त्यांचा विवाह झाला.

सरकारी प्राणिशास्त्र खात्यांतील जागा पदवीच्या अभावीं हुकली. १९२६ सालीं मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्यें मार्गदर्शक व्याख्याता म्हणून दरमहा ३५० रुपयांवर नेमणूक झाली. दोन वर्षांनीं रजा घेऊन ते बर्लिनला गेले व प्रोफेसर श्ट्रेझेमान यांच्या हाताखालीं पक्षिशास्त्राचा रीतसर अभ्यास करून १९३० सालीं परतले. येऊन पाहतात तों पैशाच्या टंचाईमुळें त्यांची जागाच रद्द झालेली ! मुंबईंत दुसरी नोकरी मिळेना, तेव्हां त्यांनीं बिऱ्हाड किहीमला हलविलें.

परदेशीं जाऊन विद्या संपादन केलेला मनुष्य रिकामा बसला, कीं शेजारीपाजारी काय बोलतात, हें मीं निराळें सांगावयास नको. सालिम अलींनीं तो सक्तीचा रिकामा पावसाळा सुगरण पक्ष्यांच्या वस्तीखालीं बसून काढला.

सुगरणीचीं घरटीं आपल्या भागांत कोणीं पाहिलीं नाहींत ? शिंदीला किंवा बाभळीला, बहुधा पाण्यावर ओठंगलेल्या फांदीला, तीं दुधीभोपळ्यासारखीं लोंबत असतात. आपल्या भाषेनें या पांखराला स्त्रीचें नांव दिलें, पण विणकर असतो तो नर. भाताच्या किंवा गवताच्या पात्याला चोंचीनें खांच पाडून तो तिचें टोंक धरतो आणि तसाच उडतो. वीतभर ते हातभर लांबीची चीर सोलून निघते. एका घरट्यासाठीं अशा ५०० पर्यंत खेपा होतात, आणि काम पुरें व्हावयास सुमारें १८ दिवस लागतात. आंत ओल्या मातीचे गोळेही तो थापतो. त्यांवर काजवे चिकटवून पक्षी दिवा लावतो, अशी एक जुनी लोकसमजूत आहे. समजूत मोठी गोड, पण खरी नव्हे.

एका वस्तींतील प्रत्येक घरटें कोणाचें, तें कोणीं घेतलें, पुढें तेथें काय झालें, याची सालिम अलींनीं दिवसचे दिवस नोंद ठेविली. त्यांतून जें उलगडलें तें विलक्षण होतें. घरटें अर्धें विणून शिरस्त्राणाच्या आकाराचें झालें, कीं माद्या येतात. आंत शिरून त्या तें तपासतात. पसंत पडलें तर मादी तेथेंच ठाण मांडते, आणि मगच नर खालची नळी विणून घर पुरें करतो. नापसंत पडलेलीं घरटीं अर्धवटच लोंबत राहतात. मादी अंडीं उबवूं लागली, कीं हा गृहस्थ शेजारींच दुसरें घर बांधावयास घेतो, तें दुसरी मादी पसंत करते, आणि असा क्रम एका हंगामांत एकाहून अधिक वेळां चालतो. जन्मभर डोळ्यांसमोर असलेल्या या पांखराची खरी संसारकथा अशी बाहेर आली. सन १९३१ मध्यें सोसायटीच्या नियतकालिकांत हा निबंध छापला गेला, आणि त्यांचें नांव जाणत्यांच्या तोंडीं झालें.

हंगाम संपला म्हणून घरट्याचें आयुष्य संपत नाहीं. पांढऱ्या कंठाची मुनिया सुगरणीचें जुनें घरटें पाहून त्यांत आपला संसार थाटते. आयतें घर मिळतांना नवें बांधण्याचे कष्ट ती कशाला घेईल? आफ्रिकेंत कलहारीच्या वाळवंटांत विणकर पक्ष्यांची एक जात सर्वांनीं मिळून गवताच्या गंजीएवढें घरटें झाडावर रचते. पिढ्यान्‌पिढ्या तेंच डागडुजी करून वापरलें जातें, आणि त्यांतील कांहीं कोठड्यांत ससाण्याच्या कुळांतील एक चिमुकला पक्षी खुशाल बिऱ्हाड करतो. वादळांत पडलेलें सुगरणीचें घरटें मुलांनीं वर्गांत आणलें, तर तें उसवून पाहण्यापूर्वीं तें खरोखर रिकामें आहे ना, एवढें पाहण्यास मीं नेहमीं सांगतों.

यानंतरचें आयुष्य भटकंतीचें. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन अशा संस्थानांच्या पक्ष्यांची पाहणी त्यांनीं केली. तहमीनाबाई टिपणें, मुक्काम, स्वयंपाकपाणी सारें सांभाळीत. १९३९ सालीं एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर त्या वारल्या. तो घाव मोठा होता. पुढें बहिणीच्या घरीं राहून त्यांनीं काम चालू ठेविलें. १९४१ सालीं त्यांचें भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक निघालें. अमेरिकन शास्त्रज्ञ डिलन रिप्ले यांच्यासह लिहिलेला दहा खंडांचा ग्रंथ १९६४ ते १९७४ या काळांत प्रसिद्ध झाला. भरतपूरची पाणथळ आणि केरळांतील सायलेंट व्हॅलीचें अरण्य राखण्यासाठीं त्यांनीं आपला शब्द खर्चीं घातला. १९५८ सालीं पद्मभूषण, १९७६ सालीं पद्मविभूषण आणि १९८५ सालीं राज्यसभेचें सदस्यत्व त्यांना मिळालें. निसर्गरक्षणाबद्दल मिळालेल्या एका मोठ्या परदेशीय पारितोषिकाची रक्कम त्यांनीं त्याच कार्याच्या निधीसाठीं देऊन टाकिली.

१९८५ सालींच त्यांचें इंग्रजी आत्मचरित्र निघालें. त्याच्या नांवाचा अर्थ चिमणीचें खालीं पडणें असा होतो. आम्हां ख्रिस्ती वाचकांना तें नांव वाचतांच शुभवर्तमानांतील चिमणी आठवते. सालिम अलींना त्या नांवांत छऱ्यानें पडलेली ती पिवळ्या गळ्याची रानचिमणीही दिसत होती. १९८७ सालीं, वयाच्या नव्वदीनंतर, मुंबईस त्यांचें देहावसान झालें.