न्यायनिष्ठ रामशास्त्री प्रभुणे

निःस्पृह न्यायदानाचा विषय निघाला की महाराष्ट्रात आजही प्रथम स्मरण होते ते पेशवाईतील मुख्य न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांचे.

साताऱ्याजवळील कृष्णा-वेण्णा संगमावरचे क्षेत्र माहुली हे त्यांचे गाव. लहानपणीच पितृछत्र हरपले. साताऱ्यातील अनगळ सावकारांकडे चाकरी करीत असता शिक्षण नसल्याबद्दल बोल ऐकावा लागला आणि तो मनाला लागून ते काशीस गेले, असे परंपरा सांगते. तेथे बाळंभट्ट पायगुंडे यांच्यापाशी त्यांनी धर्मशास्त्राचे अध्ययन केले. इ. स. १७५१ मध्ये ते पेशव्यांच्या पदरी शास्त्री म्हणून रुजू झाले आणि १७५९ मध्ये मुख्य न्यायाधीशपदी आले.

त्या काळी निवाडा होई तो स्मृतिग्रंथ, रूढी आणि साक्षीपुरावा यांच्या आधारे. अंमलबजावणी मात्र राज्यकर्त्याच्या हाती असे. त्या राज्यकर्त्याला बांधील ठेवणारी वस्तू एकच होती, ती म्हणजे धर्म. रामशास्त्र्यांच्या लेखी धर्माचा अर्थ केवळ पूजाविधी नव्हता, तर आपापल्या पदाचे कर्तव्य हा होता. थोरले माधवराव पेशवे जपतपात अधिक वेळ घालवू लागले, तेव्हा प्रजापालन हेच राज्यकर्त्याचे व्रत असल्याची जाणीव शास्त्रीबोवांनी त्यांना निर्भीडपणे करून दिली आणि माधवरावांनीही ती मानली.

हाच नियम त्यांनी स्वतःलाही लावला. दक्षिणावाटपात आपल्या सख्ख्या भावास अधिक रक्कम देण्यास त्यांनी नकार दिला. भाऊ म्हणून द्यावयाचे ते स्वतःच्या पैशांतून दिले, अशी आख्यायिका आहे. घरी एका दिवसापुरताच शिधा ठेवण्याचा त्यांचा परिपाठही सांगितला जातो. ज्याला गमावण्यासारखे फारसे काही नसते, त्याला भय दाखविणे कठीण जाते.

खरी कसोटी लागली ती १७७३ मध्ये. ३० ऑगस्ट रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा वध केला आणि त्यांचे चुलते रघुनाथराव सत्ताधीश झाले. शास्त्रीबोवांनी चौकशी केली. पुरावा रघुनाथरावांपर्यंत पोहोचताच त्यांनी कोणताही आडपडदा न ठेवता त्यांना दोषी ठरविले. या पातकास देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरा उपाय नाही, असा निर्णय देऊन त्यांनी पद सोडले आणि वाईनजीक पांडववाडीस जाऊन राहिले.

तो निर्णय अमलात आला नाही. रघुनाथराव पुढे दहा वर्षे जगले. मग त्या निवाड्याने साधले काय? शिक्षा देण्याचे बळ न्यायाधीशाच्या हाती नव्हते. परंतु अन्यायास न्यायाचे नाव न देण्याचे बळ होते. शास्त्रीबोवा पदावर राहिले असते, तर त्यांच्या पुण्याईने त्या सत्तेस प्रतिष्ठा मिळाली असती. तीच त्यांनी नाकारली. कायद्याचे ज्ञान इतरांनाही होते. त्या ज्ञानाचा निष्कर्ष सत्ताधीशासमोर उच्चारण्याची शक्ती मात्र नीतिनिष्ठेतून आली.

पुढे बारभाईंचा कारभार सुरू झाल्यावर त्यांना सन्मानाने परत बोलावण्यात आले. १७८९ मध्ये त्यांचे निधन झाले. १९४४ साली प्रभात चित्रसंस्थेने त्यांच्या जीवनावर चित्रपट काढला आणि हे चरित्र घरोघरी पोहोचले.

भाऊबंदकीचा वाद असो, गावचा तंटा असो वा संस्थेचा हिशेब, निवाडा करणाऱ्याच्या आसनावर जो बसतो, त्याच्यासमोर आप्त आणि परका, धनवान आणि निर्धन एकाच पंक्तीत उभे असले पाहिजेत. रामशास्त्र्यांचे जीवन हाच धडा देते. त्यांच्या पुण्यस्मृतीस विनम्र अभिवादन!