दोनदा समुद्र ओलांडणारा बॅरिस्टर : बद्रुद्दीन तय्यबजी

सोलापूरहून रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये बसायचं आणि सकाळी मुंबईत सीएसएमटीला उतरायचं. आपल्यापैकी अनेकांनी हा प्रवास केलेला आहे. स्टेशनच्या बाहेर आलं की रस्त्यापलीकडे एक जुनी, देखणी दगडी इमारत दिसते. ती अंजुमन-ए-इस्लामची शाळा. तिच्या बाजूच्या रस्त्याला बद्रुद्दीन तय्यबजींचं नाव आहे. बॅग खांद्यावर घेऊन आपण टॅक्सी शोधत पुढे जातो आणि पाटी वाचायची राहून जाते.

आज या माणसाबद्दल लिहायचं कारण तसं घरगुती आहे. बारावीचा निकाल लागला की काही पालक विचारायला येतात. मुलीला किंवा मुलाला वकील व्हायचंय, पण त्यासाठी पुण्याला, मुंबईला पाठवायचं म्हणजे जीव घाबरतो. आपल्या सोलापुरात लॉ कॉलेज आहे, जिल्हा कोर्ट आहे, इथंच राहून चांगली वकिली करणारेही आहेत. पण ज्याला पुढं जायचंय त्याला कधी ना कधी शहर बदलावं लागतं. अशा वेळी मला तय्यबजी आठवतात. आणि खरं सांगायचं तर त्यांचे वडील जास्त आठवतात.

बद्रुद्दीन यांचा जन्म 10 ऑक्टोबर 1844 चा, मुंबईतला. घराणं सुलेमानी बोहरा, मूळचं गुजरातमधल्या खंबायतचं, म्हणजे मुंबईत येऊन वसलेलं. वडील मुल्ला तय्यब अली व्यापारी होते. घरात गुजराती बोलली जायची. इतर मुसलमानांशी नातं जुळावं म्हणून या कुटुंबानं ठरवून उर्दू आपलीशी केली. पुढे घरातल्या वह्यांमध्ये कुटुंबाच्या रोजच्या हकिकती उर्दूत लिहून ठेवायची पद्धतही पडली. आपल्या घरांत तर उर्दू आणि मराठी दोन्ही आयत्या मिळतात. त्यांची किंमत आपण ओळखतो का, हा प्रश्न इथं मनात येतोच.

लहान बद्रुद्दीन आधी मदरशात उर्दू-फारसी शिकले, मग एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये गेले. डोळ्यांचा त्रास लहानपणापासूनच होता. त्यासाठी त्यांना फ्रान्सला उपचारांना पाठवावं लागलं. 1860 साली, वयाच्या पंधरा-सोळाव्या वर्षी, ते शिक्षणासाठी इंग्लंडला गेले.

त्या काळी हा प्रवास सोपा नव्हता. सुएझ कालवा 1869 साली खुला झाला. त्याआधी मुंबईहून जहाजानं सुएझपर्यंत जायचं, तिथून इजिप्तची जमीन ओलांडून अलेक्झांड्रिया गाठायचं आणि पुन्हा जहाज धरायचं. घरचं पत्र हातात पडायला आठवडेच्या आठवडे लागायचे. 1857 च्या उठावाला जेमतेम तीन वर्षं झाली होती. इंग्रजांच्या मनात मुसलमानांबद्दल संशय होता आणि मुसलमानांच्या मनात इंग्रजी शिक्षणाबद्दल धास्ती होती. अशा दिवसांत एका बापानं मुलाला लंडनला पाठवलं.

पाठवलं ते नुसतं पैसे देऊन नाही. थोरला मुलगा कमरुद्दीन आधीच इंग्लंडला जाऊन सॉलिसिटर झाला होता. इंग्लंडमध्ये सॉलिसिटर झालेला तो पहिला भारतीय. शिवाय वडिलांनी बद्रुद्दीनजवळ ओळखीची पत्रं दिली. हिंदुस्थानचे माजी गव्हर्नर जनरल लॉर्ड एलनबरो यांच्यापर्यंत ती पोचली. मुलगा परक्या शहरात जाणार तर तिथं चार दारं त्याच्यासाठी उघडी असली पाहिजेत, हे त्या व्यापारी बापाला कळत होतं.

लंडनची मॅट्रिक पास होऊन बद्रुद्दीन मिडल टेंपलमध्ये दाखल झाले. बॅरिस्टर घडवणाऱ्या लंडनच्या चार जुन्या संस्थांपैकी ही एक. तिथं पुस्तकी अभ्यास तर असायचाच, पण त्या काळी ठरावीक संख्येनं संस्थेच्या जेवणांना हजर राहणंही आवश्यक असायचं. ज्येष्ठ वकिलांच्या पंगतीत बसून नवखा माणूस धंद्याची रीत शिकतो, अशी त्यामागची कल्पना. धर्म, भाषा, खाणंपिणं सगळंच वेगळं असलेल्या पोरासाठी हे काही लहान काम नव्हतं.

आणि मग डोळ्यांनी दगा दिला. नजर इतकी खालावली की 1864 च्या अखेरीस अभ्यास अर्धवट टाकून त्यांना मुंबईला परतावं लागलं. इतका खर्च, इतकी वर्षं, आणि हातात डिग्री नाही. आपल्याकडे असा मुलगा परत आला तर काय होतं, ते आपल्याला माहीत आहे. नातेवाईक चौकशीला येतात, कुणी टोमणा मारतं, कुणी दुकानात बसवायचा सल्ला देतं. तय्यबजींच्या घरचा व्यापार होता. त्यात शिरले असते तर कुणी नावं ठेवली नसती.

मुंबईतल्या या मुक्कामातच त्यांचं लग्न झालं. पत्नीचं नाव राहत-उन-नफ्स. जेमतेम वर्षभर विश्रांती घेऊन, 1865 च्या अखेरीस ते पुन्हा लंडनला निघाले. तेच डोळे, तोच लांबचा प्रवास, तीच पुस्तकं. एप्रिल 1867 मध्ये ते बॅरिस्टर झाले आणि त्याच वर्षाच्या शेवटी मुंबईत परतले. वय तेव्हा 23. त्यांच्या आयुष्यातला मला सगळ्यात मोठा वाटणारा प्रसंग हाच. पुढची पदं, मान, सगळं त्या दुसऱ्या प्रवासामुळं मिळालं.

मुंबई हायकोर्ट स्थापन होऊन तेव्हा पाचच वर्षं झाली होती. तिथल्या बॅरिस्टरांमध्ये ते पहिले भारतीय. शहरातले मोठे दावे थेट हायकोर्टात चालायचे. पद्धत अशी होती की पक्षकारानं सॉलिसिटरकडे जायचं, सॉलिसिटरनं कागद तयार करायचे आणि कोर्टात बोलायला बॅरिस्टर नेमायचा. म्हणजे सॉलिसिटरनं काम दिलं नाही तर बॅरिस्टर नुसताच झगा घालून बसणार. घरातच सॉलिसिटर भाऊ असणं ही मोठी सोय होती. पण भावाच्या ओळखीनं पहिली केस मिळते, शंभरावी मिळत नाही. ती मिळवायला नाव कमवावं लागतं, आणि ते त्यांनी कमवलं. बघता बघता मुंबईतल्या आघाडीच्या वकिलांमध्ये त्यांची गणना होऊ लागली.

कमाई सुरू झाल्यावर ते स्वतःपुरतं बघत बसले नाहीत. 1873 मध्ये मुंबई महापालिकेवर निवडून आले. 1874 मध्ये भाऊ कमरुद्दीन आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली. 1880 मध्ये अंजुमनची शाळा सुरू झाली. परदेशी शिक्षण आपल्याला परवडलं, पण मोहल्ल्यातल्या पोराला ते कसं परवडणार, हा त्यामागचा विचार. आज त्याच अंजुमनचं कायद्याचं कॉलेजही आहे.

1883 मध्ये इल्बर्ट बिलाचा वाद पेटला. गोऱ्या माणसाचा खटला जिल्ह्यातल्या भारतीय न्यायाधीशापुढं चालावा की नाही, असा तो वाद. मुंबईच्या टाउन हॉलमध्ये बिलाच्या बाजूनं सभा झाली. फिरोजशहा मेहता, काशिनाथ त्र्यंबक तेलंग आणि बद्रुद्दीन तय्यबजी हे तिघं तिथं बोलले. एक पारशी, एक हिंदू, एक मुसलमान, आणि तिघंही वकील. याच तिघांनी 1885 मध्ये बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन उभी केली. 1887 च्या डिसेंबरात मद्रासला काँग्रेसचं तिसरं अधिवेशन झालं, त्याचे अध्यक्ष तय्यबजी होते. सर सय्यद अहमद खान यांचा मुसलमानांनी काँग्रेसमध्ये जाण्याला विरोध होता. दोघांमध्ये पत्रव्यवहार झाला, मतं जुळली नाहीत, पण अदब सुटली नाही. तय्यबजींचं म्हणणं साधं होतं. जे प्रश्न सगळ्यांचे आहेत त्यासाठी सगळ्यांबरोबर उभं राहायचं, आणि आपले वेगळे प्रश्न असतील तर तेही आत राहूनच मांडायचे.

1895 मध्ये ते मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. त्या कोर्टातले पहिले मुसलमान न्यायमूर्ती. दोनच वर्षांनी एक प्रसंग आला. जुलै 1897 मध्ये लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. जामिनाचे आधीचे अर्ज फेटाळले गेले होते. 4 ऑगस्टला अर्ज न्यायमूर्ती तय्यबजींसमोर आला. सरकारची नाराजी उघड होती. तय्यबजींनी जामीन दिला. त्यांचा तर्क असा की खटला उभा राहायला वेळ आहे, तोपर्यंत आरोपीला कोठडीत ठेवलं तर बचावाची तयारी तो कधी करणार? पुढे दुसऱ्या न्यायाधीशापुढं खटला चालला आणि टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली, ती वेगळी गोष्ट. पण त्या दिवशी न्यायासनावरच्या माणसानं समोर कोण आहे आणि वर कोण नाराज होईल हे पाहिलं नाही, कायदा पाहिला. महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलाला हा प्रसंग शाळेत सांगायला हवा.

1902 मध्ये त्यांनी हंगामी मुख्य न्यायमूर्ती म्हणून काम केलं. तो मान मिळालेले मुंबईतले ते पहिले भारतीय. 19 ऑगस्ट 1906 रोजी ते वारले, तेही लंडनमध्येच, ज्या शहरात पोरवयात शिकायला गेले होते तिथं.

एक गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली. बापानं आपल्याला जे दिलं ते तय्यबजींनी फक्त मुलांना नाही, मुलींनाही दिलं. त्यांनी मुलींना शाळेत घातलं, आणि 1904 मध्ये दोघींना शिक्षणासाठी इंग्लंडलाही पाठवलं. सव्वाशे वर्षांपूर्वी! तेव्हा आजूबाजूला कुजबुज झाली नसेल असं थोडंच आहे?

आता आपल्याकडे बघा. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे आणि सोलापूर जिल्हा त्यात येतो. म्हणजे हायकोर्टात वकिली करायला आता मुंबईच गाठली पाहिजे असंही नाही. रस्ता जवळ आला. बारावीनंतर पाच वर्षांचा लॉ कोर्स आहे, त्यासाठी सीईटी आहे. तयारी मुलं करतील. आपण पालकांनी करायची तयारी वेगळी. त्या शहरात ओळखीचं कोण आहे ते शोधायचं, चांगलं होस्टेल स्वतः जाऊन बघायचं, रोजच्या फोनची वेळ ठरवायची. मुल्ला तय्यब अलींनी ओळखीची पत्रं दिली होती, त्यातलाच हा प्रकार.

आणि समजा एखादं वर्ष वाया गेलं, तब्येतीनं साथ दिली नाही, पोर बॅग घेऊन घरी परतलं, तर दार उघडताना चेहरा पाडू नका. गरम जेवण वाढा, थोडे दिवस राहू द्या, आणि मग पुन्हा स्टेशनवर सोडायला जा.

पुढच्या वेळी सीएसएमटीला उतरलात की रस्त्यापलीकडची ती इमारत आणि बाजूच्या रस्त्याची पाटी मुलांना दाखवा. अल्लाह त्या मरहूम बुजुर्गांची मगफिरत करो आणि आपल्या लेकरांना त्यांच्यासारखी जिद्द देवो. आमीन.