समुद्रावरचे घड्याळ

मुलांनो, तुमच्यापैकी काहींच्या आजी-आजोबांनी मुंबईहून जहाजाने हजचा प्रवास केला असेल. १९९५ पर्यंत अशी जहाजे मुंबईहून जिद्दाला जात असत. बंदर सोडले की काही तासांतच किनारा दिसेनासा होतो. वर आकाश आणि खाली पाणी! वाटेत झाड नाही, की मैलाचा दगड नाही. अशा वेळी आपण नेमके कोठे आहोत, हे कप्तानाला कसे कळत असेल?

कोणत्याही ठिकाणाची जागा सांगायला दोन आकडे लागतात. एक अक्षांशाचा आणि दुसरा रेखांशाचा. उर्दूत तुम्ही त्यांना अर्ज़-उल-बलद आणि तूल-उल-बलद म्हणता. अक्षांश काढणे फारसे अवघड नव्हते. ध्रुवतारा क्षितिजापासून किती उंच आहे हे मोजले, की अक्षांश कळतो. अरब नाविक त्यासाठी ‘कमाल’ नावाचे साधन वापरीत. एक लहानशी लाकडी फळी आणि तिला बांधलेली गाठींची दोरी, एवढेच ते साधन.

रेखांशाचे तसे नव्हते. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका तासात १५ अंश. जहाजावर सूर्य डोक्यावर आला, त्या क्षणी आपल्या बंदरात किती वाजले आहेत हे कळले, तर दोन्ही ठिकाणांच्या रेखांशांतील फरक काढता येतो. हे गणित तुम्हीही करू शकता. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरवलेली आहे. ८२.५ ला १५ ने भागा. उत्तर ५.५ येते. म्हणूनच आपली घड्याळे ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे असतात.

गणित सोपे होते, पण घड्याळच नव्हते! त्या काळची चांगली घड्याळे लंबकाची होती. जहाज हेलकावे खाऊ लागले, की लंबक बिघडे. उष्णतेने धातूचे भाग लांबत, थंडीने आखडत. चाकांना घातलेले तेल कधी घट्ट होई, कधी पातळ.

या अज्ञानाची किंमत माणसे जिवाने मोजत होती. २२ ऑक्टोबर १७०७ च्या रात्री इंग्लंडच्या आरमाराची चार जहाजे सिली बेटांजवळच्या खडकांवर आपटून बुडाली. एक हजाराहून अधिक खलाशी मेले. आपण खडकांपासून दूर आहोत, अशी त्यांच्या अधिकाऱ्यांची समजूत होती. पुढे १७१४ मध्ये इंग्लंडच्या संसदेने कायदा करून मोठे बक्षीस जाहीर केले. जो अर्ध्या अंशाच्या आत रेखांश काढून दाखवील, त्याला २०,००० पौंड! अर्धा अंश म्हणजे घड्याळाची फक्त दोन मिनिटे. कित्येक आठवड्यांच्या प्रवासात एवढीच चूक माफ होती.

ज्या माणसाने हे करून दाखवले, तो विद्वान नव्हता. तो एक सुतार होता. त्याचे नाव जॉन हॅरिसन.

जॉनचा जन्म १६९३ मध्ये यॉर्कशायरमधील फाउल्बी या गावी झाला. वडील सुतारकाम करीत. जॉनही तेच शिकला. त्याला मोठ्या शाळेचे शिक्षण मिळाले नाही, पण वाचनाची आवड होती. एका धर्मगुरूने त्याला विज्ञानाच्या व्याख्यानांची हस्तलिखित वही वाचायला दिली. वही परत करायची होती. मग जॉनने काय केले असेल? त्याने ती आकृत्यांसह स्वतःच्या हाताने उतरून काढली. आज आपल्याला शेजारच्या दुकानात पानाची नक्कल करून मिळते. म्हणून त्या कष्टाची कल्पना येणे जरा कठीणच आहे.

विसाव्या वर्षी त्याने पहिले घड्याळ बनवले. त्याची चाकेसुद्धा लाकडाची होती. तो सुतार होता, तेव्हा हाताशी असलेले लाकूडच त्याने वापरले. पुढे ब्रॉकल्सबी येथील एका मोठ्या वाड्यासाठी त्याने मनोऱ्यावरचे घड्याळ बनवले. त्यासाठी त्याने असे लाकूड निवडले, की जे स्वतःच तेलकट असते. त्यामुळे त्या घड्याळाला तेल घालावेच लागत नाही. धाकटा भाऊ जेम्स त्याला मदत करी. दोघा भावांनी पितळ आणि पोलाद यांच्या दांड्या जोडून एक नवा लंबक तयार केला. एक धातू लांबला, की दुसरा त्याची भरपाई करी.

१७३० च्या सुमारास हॅरिसन लंडनला गेले. तेथे खगोलशास्त्रज्ञ हॅली यांनी त्यांना जॉर्ज ग्रॅहम या नामांकित घड्याळजीकडे पाठवले. ग्रॅहम यांनी त्यांचे म्हणणे ऐकून घेतले आणि पैशांचीही मदत केली. १७३५ मध्ये पहिले समुद्री घड्याळ तयार झाले. त्याचे वजन सुमारे ३४ किलो होते! १७३६ मध्ये त्याची लिस्बनच्या प्रवासात परीक्षा झाली. परतताना समोर किनारा दिसला. हा कोणता किनारा, यावर अधिकाऱ्यांचा अंदाज चुकला. हॅरिसन यांचा अंदाज बरोबर निघाला. दोघांच्या अंदाजांत सुमारे ६० मैलांचा फरक होता.

मला या माणसाच्या आयुष्यातला यानंतरचा प्रसंग सर्वांत मोठा वाटतो. रेखांश मंडळाचे सभासद त्यांची स्तुती करीत होते. त्या वेळी बक्षिसासाठीच्या मोठ्या प्रवासाची मागणी ते सहज करू शकले असते. पण त्यांनी स्वतःच आपल्या घड्याळातले दोष सांगितले आणि सुधारणेसाठी दोन वर्षे मागितली. त्या दोन वर्षांची वीस वर्षांहून अधिक झाली. दुसरे घड्याळ त्यांना पसंत पडले नाही. तिसऱ्यावर त्यांनी सुमारे १९ वर्षे घालवली.

मग त्यांनी सगळा विचारच बदलला. १७५९ मध्ये त्यांनी चौथे घड्याळ पूर्ण केले. ते होते खिशातल्या घड्याळासारखे, फक्त जरा मोठे. व्यास १३ सेंटिमीटर, वजन दीड किलोच्या आत. त्याचे चक्र फार वेगाने पुढे-मागे फिरे, त्यामुळे जहाजाच्या हेलकाव्यांचा त्यावर विशेष परिणाम होत नसे.

नोव्हेंबर १७६१ मध्ये हे घड्याळ जमैकाला निघाले. हॅरिसन आता वृद्ध झाले होते. म्हणून त्यांचा मुलगा विल्यम बरोबर गेला. वाटेत जहाज कोठे आहे, यावरून कप्तानाचे आणि विल्यमचे मत जुळेना. घड्याळाच्या आधाराने विल्यमने सांगितले, की उद्या बेट दिसेल. दुसऱ्या दिवशी सकाळी बेट दिसले! जमैकाला पोहोचल्यावर हिशेब केला, तेव्हा घड्याळाची चूक फक्त पाच सेकंदांची निघाली.

मुलांनो, तुम्हाला वाटेल, की आता बक्षीस मिळाले. तसे झाले नाही. हा केवळ योगायोग असेल, असे मंडळाने ठरवले आणि दुसरी परीक्षा सांगितली. १७६४ मध्ये बार्बाडोसच्या प्रवासात चूक ३९ सेकंदांची आली. तीही मर्यादेच्या तिपटीने आत होती. तरी मंडळ ऐकेना. घड्याळ उघडून सगळे रहस्य सांगा, मग अर्धे बक्षीस देऊ, अशी अट घातली गेली. हॅरिसन यांना ती मानावी लागली.

मंडळात नेव्हिल मॅस्केलिन नावाचे खगोलशास्त्रज्ञ होते. चंद्र आणि तारे यांच्यातील अंतर मोजून रेखांश काढावा, असे त्यांचे मत होते. ती रीतही खोटी नव्हती. अनेक जहाजांनी ती पुढे वापरली, कारण असे घड्याळ फार महाग पडे. पण जो स्वतः दुसऱ्या रीतीचा पुरस्कर्ता, त्याच्याच हाती घड्याळाची तपासणी द्यावी, हे न्यायाचे नव्हते. १७६६ मध्ये घड्याळे हॅरिसन यांच्या घरातून नेण्यात आली. त्या धांदलीत पहिले घड्याळ हमालांच्या हातून खाली पडले. तीस वर्षांपूर्वीची आपली मेहनत पडताना म्हाताऱ्याला काय वाटले असेल!

शेवटी प्रकरण राजा तिसरा जॉर्ज याच्यापर्यंत गेले. १७७२ मध्ये राजाने पाचवे घड्याळ आपल्या वेधशाळेत दहा आठवडे तपासले. ते उत्तम चालले. राजाच्या पाठिंब्याने १७७३ मध्ये संसदेने हॅरिसन यांना ८,७५० पौंड दिले. तेव्हा ते ८० वर्षांचे होते. मंडळाने मात्र आपले बक्षीस त्यांना कधीच जाहीर केले नाही.

त्यांच्या चौथ्या घड्याळाची हुबेहूब नक्कल लार्कम केंडल या कारागिराने बनवली होती. ती घेऊन कप्तान कुक १७७२ मध्ये दक्षिण समुद्राकडे निघाला. तीन वर्षे बर्फात आणि उन्हात ते घड्याळ टिकले. १७७५ मध्ये कुक त्याची प्रशंसा करीत परतला. हॅरिसन तेव्हा हयात होते. पुढच्याच वर्षी, २४ मार्च १७७६ रोजी, लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांची समुद्री घड्याळे पुढे शंभराहून अधिक वर्षे दुर्लक्षित राहिली. १९२० मध्ये रूपर्ट गूल्ड या नौदल अधिकाऱ्याला ती गंज आणि मळ यांनी भरलेली दिसली. त्याने कित्येक वर्षे खपून ती स्वच्छ केली आणि पुन्हा चालू केली. आता पहिली चार घड्याळे ग्रीनिचच्या वेधशाळेत आहेत. त्यांतील पहिली तीन तेल न घालता चालतात. चौथ्याला मात्र तेल लागते. चालवले तर त्याचे नाजूक भाग झिजतील, म्हणून ते बंद ठेवले आहे.