विश्लेषण : गाय, शेळी आणि कुत्रीच्या गर्भपाताचे जिवाणू एकाच कुळातले, कोण होत्या हे नाते शोधणाऱ्या ॲलिस इव्हान्स?

उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी करमाळा, माढा तालुक्यांतील गावांत उसाच्या जोडीला दुधाचा धंदा आहे. गोठा म्हटला की राखणीचा कुत्राही आलाच. गाय गाभडली आणि तिची वार उघड्यावर टाकली, तर ती कुत्र्यांच्या तोंडी लागते. गाभडण्यामागे ब्रुसेला जिवाणू असेल, तर तो कुत्र्यापर्यंत आणि गोठ्यात राबणाऱ्या माणसापर्यंतही पोहोचतो. या जिवाणूंचे कूळ ओळखले ते ॲलिस इव्हान्स यांनी.

शिक्षिका ते शास्त्रज्ञ

इव्हान्स यांचा जन्म 29 जानेवारी 1881 रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात झाला. चार वर्षे शाळेत शिकवल्यानंतर त्या ग्रामीण शिक्षकांसाठीच्या मोफत अभ्यासक्रमासाठी कॉर्नेल विद्यापीठात गेल्या आणि जिवाणूशास्त्राकडे वळल्या. 1909 मध्ये पदवी, 1910 मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातून पदव्युत्तर पदवी. त्यांनी डॉक्टरेट केली नाही. पुढे त्या कृषी खात्याच्या दुग्ध विभागात रुजू झाल्या. काम होते ताज्या दुधातील जिवाणू तपासण्याचे.

नेमके काय शोधले?

त्या काळी दोन जिवाणू वेगळे मानले जात. डेव्हिड ब्रूस यांनी 1887 मध्ये माल्टा बेटावर तापाने दगावलेल्या सैनिकांत एक जिवाणू शोधला होता. तो शेळीच्या दुधातून येतो, हे 1905 मध्ये कळले. दुसरा डेन्मार्कच्या बर्नहार्ड बँग यांनी 1897 मध्ये गाभडणाऱ्या गायींत शोधला. पहिला गोल, दुसरा काडीसारखा, अशी नोंद असल्याने दोघांना वेगवेगळ्या गटांत टाकले गेले होते.

इव्हान्स यांनी दोन्ही शेजारी ठेवून तपासले. आकार, वाढ आणि रक्तद्रवाशी होणारी प्रतिक्रिया यांत ते जवळपास सारखे निघाले. म्हणजे गायीचे कच्चे दूधही माणसाला आजारी पाडू शकते. 1917 मध्ये त्यांनी हे मांडले आणि 1918 मध्ये शोधनिबंध छापून आला.

विरोध का झाला?

इतके जवळचे नाते असते तर ते आधीच कोणाच्या लक्षात कसे आले नाही, असा संशय अनेकांनी घेतला. थिओबाल्ड स्मिथ यांच्यासारखे नामवंत शास्त्रज्ञ विरोधात होते. त्यात त्या स्त्री आणि डॉक्टरेट नसलेल्या. दूध व्यावसायिकांनाही हा निष्कर्ष रुचला नाही. मात्र इतर प्रयोगशाळांतून पुष्टी मिळत गेली. 1920 मध्ये मेयर आणि शॉ यांनी या कुळाला ब्रूस यांच्यावरून ब्रुसेला हे नाव सुचवले.

1922 मध्ये प्रयोगशाळेत काम करताना इव्हान्स यांनाच हा संसर्ग झाला. ताप आणि थकवा वर्षानुवर्षे उलटत राहिला. डॉक्टरांनी आधी तो मनाचा आजार ठरवला. तरीही 1928 मध्ये त्या अमेरिकन जिवाणूशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. 1930 च्या दशकात अमेरिकेत दुधाचे पाश्चरायझेशन सक्तीचे होत गेले. 1945 मध्ये त्या निवृत्त झाल्या. 5 सप्टेंबर 1975 रोजी त्यांचे निधन झाले.

कुत्र्यांशी संबंध काय?

1966 मध्ये लेलँड कार्माइकल यांनी बीगल जातीच्या कुत्र्यांतील गर्भपातामागचा जिवाणू वेगळा केला. हे काम इव्हान्स शिकल्या त्याच कॉर्नेल विद्यापीठात झाले. इव्हान्स तेव्हा 85 वर्षांच्या होत्या. नव्या जिवाणूला जागा मिळाली ती त्यांनी ओळखलेल्या कुळातच; नाव पडले ब्रुसेला कॅनिस. यात कुत्री बहुधा 45 ते 55 व्या दिवशी गाभडते, नराच्या वृषणांना सूज येते, वंध्यत्व येते.

वर्गीकरणाचा उपयोग इथे दिसतो. ब्रुसेला कॅनिसचे बाह्य आवरण गायीच्या जिवाणूपेक्षा वेगळे असते. त्यामुळे गायीसाठीच्या रोज बंगाल चाचणीत तो सापडत नाही. कुत्र्यासाठी वेगळी चाचणी लागते.

पशुपालकांनी काय करावे?

देशात ब्रुसेलोसिसची लस 4 ते 8 महिन्यांच्या मादी वासरांना आयुष्यात एकदाच दिली जाते. कुत्र्यांसाठी लस नाही. गाभडलेला गर्भ आणि वार हातमोजे घालून खोल पुरावी, त्यावर चुना टाकावा, कुत्र्यांना जवळ येऊ देऊ नये. दूध उकळूनच प्यावे. गुरांच्या सान्निध्यातील व्यक्तीला वारंवार ताप, घाम आणि सांधेदुखी होत असल्यास डॉक्टरांना गोठ्यातील कामाबद्दल आवर्जून सांगावे.